एक ते चार, मलावीसकट

दुपारी एक ते चार या वेळात पृथ्वीवर काहीही घडत नाही, यावर आमच्या मामेसासऱ्यांइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बिबवेवाडीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारावर स्वहस्ते रंगवलेली पाटी होती : ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. कारण विचारू नये.’ लग्नानंतर मी पहिल्यांदा भेटायला गेलो तो नेमका सव्वाएकला, आणि चांगला भाचेजावई असूनही पावणेतीन तास जिन्यात बसलो. चारच्या ठोक्याला दार उघडून ते म्हणाले, “आपण आलात, आनंद झाला. आपल्याला वाचता येतं हे पाहून अधिक झाला.” मग आलं किसून स्वतः चहा केला आणि माझ्या कपात साखर दोनदा घातली, कारण मी दमलेला दिसत होतो म्हणे.

परदेशी गिऱ्हाइकांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या खराडीच्या ज्या कंपनीतून ते निवृत्त झाले, तिथेही त्यांच्या टेबलाखाली सतरंजी असायची. निवृत्तीनंतर लोक हास्यक्लबात जातात. यांनी एकदम आफ्रिका धरली. ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई मलावीतल्या एका दवाखान्यात काम करत. तिथे रुग्णांच्या नोंदी फाटक्या वह्यांत, आणि जुना कागद सापडेपर्यंत गरोदर बायका रांगेत ताटकळत. मामा म्हणाले, “यात काय आहे? करून देतो.” आणि दिलंही! सगळ्या नोंदी बिबवेवाडीतल्या त्यांच्या दिवाणखान्यातल्या संगणकावर, आणि तिकडून इंटरनेटवरून त्या उघडायला ग्रेस नावाची मुलगी. तिला हे रोज संध्याकाळी व्हिडिओवर शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं, “नियम म्हणजे नियम. आमच्या एक ते चार मी झोपतो, तेव्हा फोन नाही. शंका शेवटी विचारायच्या, आणि पूर्ण वाक्यात.” ऐकून मलाच घाम फुटला.

ग्रेस तीन महिन्यांच्या बोलीवर होती. रांग कमी झाली तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा वह्या आणि ग्रेस घरी. घरात कमावती ती एकटीच. मामांनी याचा इतका ध्यास घेतला, की भाजीवालीलाही ते ग्रेसची प्रगती सांगत. पण रांग काही हटेना. मामा रोज प्रोग्राम उलटापालटा करून तपासत. चूक सापडत नव्हती.

अशातच एकदा मामी हडपसरला बहिणीकडे गेल्या आणि मामांची औषधं पोचवायला मला किल्ली देऊन गेल्या. दोन वाजता मी चोरपावलांनी आत शिरलो. दिवाणखान्यात फोन थरथरत होता. मामा जागे होतील या धास्तीनेच मी तो उचलला. पलीकडे ग्रेस, आवाज अगदी हळू. “सर झोपलेत ना? उठवू नका. फक्त एवढंच विचारायचं होतं, आज यंत्र थोडं लवकर सुरू होईल का? एक बाई आली आहे, कळा सुरू झाल्यात. तिचा कागद आत आहे.”

मी संगणकाकडे पाहिलं. बंद. बटणापाशी मामांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी : ‘विश्रांती १ ते ४.’ आपले एक ते चार म्हणजे तिकडचे सकाळचे साडेनऊ ते साडेबारा, दवाखान्याच्या ऐन गर्दीची वेळ! जन्मभर देशोदेशीच्या घड्याळांचे हिशेब केलेल्या माणसाने हा एक हिशेब कधी केलाच नव्हता.

मी मामांना उठवलं. गदागदा हलवून. ते बनियनवर धावत आले, बटण दाबलं. कागद उघडला : पहिलं बाळंतपण ऑपरेशनने, म्हणजे या वेळी धोका. बाईला लगेच मोठ्या इस्पितळात हलवलं. मग मामा फोनवर म्हणाले, “अगं, इतके आठवडे बोलली का नाहीस?”

“सर, नियम म्हणजे नियम. मला वाटलं, यंत्रालाही झोप लागत असेल.”

मामा खुर्चीत बसले. बटणापाशची चिठ्ठी काढून पुन्हा पुन्हा वाचत राहिले. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आणि मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी कळलं, बाई आणि बाळ सुखरूप आहेत. त्याच रात्री त्यांनी दवाखान्याला पत्र पाठवलं : ‘रांगेचा दोष माझ्या झोपेचा आहे. मुलीचा नाही. तिला आणखी एक महिना द्यावा.’ महिना मिळाला. रांग तिकडच्या सकाळी दहा वाजेपर्यंत ओसरू लागली आणि ग्रेस कायम झाली.

पुढे यंत्र तिकडेच बसवलं. ग्रेसच आता आणखी दोघींना शिकवते. मामांची तशी गरज उरलेली नाही. तरीही ते दुपारी झोपत नाहीत. फोन मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसून असतात. दारावरची पाटीही त्यांनी बदलली आहे : ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवावी. मी जागा आहे.’

पण सवयीने त्या वेळी कोणी फिरकत नाही. म्हणून अधूनमधून मीच काही काम नसताना दोन वाजता जातो, आणि बेल वाजवतो.