सयाजी मास्तरांचा मुलगा

विजयसिंह कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत, ओतकामाच्या कारखान्यात, सुट्या भागांची ड्रॉइंग तपासायचा. वय सेहेचाळीस. सहा दिवस मान खाली घालून काम करणारा माणूस रविवारी सकाळी दहा वाजता लक्ष्मीपुरीत सोमशेखरच्या दुकानाच्या माडीवर गेला की वेगळाच व्हायचा. सोमशेखरचं दुकान स्पीकर आणि अॅम्प्लिफायरचं. माडीवर त्याची स्वतःची खोली होती, भिंतीला जाड पडदे, दोन मोठे स्पीकर, आणि रेकॉर्डी. तिथं दहा वर्षं चारपाच जणांचा अड्डा जमत होता. कॉलेजात इंग्रजी शिकवणारी प्रियदर्शनी, बेस गिटार वाजवणारा तिशीतला राजवीर, स्वतः सोमशेखर आणि विजयसिंह. विषय एकच, रॉक. कुठल्या बँडचा ड्रमर भारी, कुठला बँड गायक बदलल्यावर संपला, यावर मिसळ खाऊन आलेली माणसं दुपारपर्यंत घसा कोरडा करायची.

यातला कायमचा तंटा कव्हरचा. म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्यानं आपल्या पद्धतीनं वाजवायचं. सोमशेखर म्हणायचा, मूळ गाणं हे नुसतं बी असतं, कुणाच्या रानात चांगलं येईल सांगता येत नाही. प्रियदर्शनीला तर काही गाणी बायकांनी पुन्हा गायलेलीच आवडायची. विजयसिंहचं मत ठरलेलं होतं.

"कव्हर म्हणजे उष्टं," तो म्हणायचा. "दुसऱ्यानं चावलेलं."

हे तो इतक्या जोरात म्हणायचा की राजवीरनं त्याला 'उष्टेवाले काका' असं नाव ठेवलं होतं. हा जोर कुठून येतो हे त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

विजयसिंहचे वडील सयाजी राधानगरीकडच्या एका खेड्यात राहायचे. थोडी भातशेती, दोन म्हशी, आणि लग्नसराईत ब्रास बँड. चाळीस वर्षं ते ट्रंपेट वाजवत होते आणि पस्तीस वर्षं बँडचे मास्तर होते. त्या भागात त्यांना सगळे सयाजी मास्तरच म्हणत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं नाचतायत, आणि लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुऱ्याची टोपी घातलेले मास्तर उन्हात गाल फुगवून वाजवतायत.

विजयसिंह नववीत असताना वर्गातल्या एका मुलाच्या बहिणीच्या लग्नाला गेला होता. तिथं वरातीला वडिलांचाच बँड निघाला. एका पाहुण्यानं नोट तोंडात धरून मास्तरांपुढं नाच केला आणि ती नोट त्यांनी ट्रंपेट न थांबवता घ्यावी म्हणून त्यांच्या कोटाच्या कॉलरमध्ये खोचली. पोरं हसली. विजयसिंह मांडवामागं जाऊन उभा राहिला आणि न जेवता घरी आला. तेव्हापासून तो वडिलांचं वाजवणं टाळू लागला. पॉलिटेक्निकला कोल्हापुरात आल्यावर 'वडील काय करतात?' असं कुणी विचारलं तर 'पाटबंधारे खात्यात होते, धरणावर' असं सांगायची सवय लागली. खरं तर धरणावर त्याचे चुलते होते. स्वतःच्या लग्नात त्यानं हट्टानं कोल्हापूरहून डीजे आणला. मास्तर फेटा बांधून पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते.

अड्ड्यावर त्याचं हेच धरणावरचं खोटं चाललं होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सोमशेखर म्हणाला, "आज एक चीज ऐकवतो. कुणाचं हे विचारायचं न्हाय. आधी मत द्यायचं."

त्यानं पेनड्राइव्ह लावला. आधी गर्दीचा गलका, मग ढोल. आणि मग ट्रंपेटवर एका परदेशी बँडचं ते प्रसिद्ध संथ गाणं सुरू झालं, गिटारच्या लांब सुरावटीचं, जे विजयसिंहनं कॉलेजात असताना कॅसेट झिजेपर्यंत ऐकलं होतं. वरच्या सुराला जायच्या आधी वाजवणारा किंचित थांबत होता, पायरी चढताना माणूस धोतर सावरतो तसा. असं थांबणारा माणूस जगात एकच होता.

गाणं संपलं. प्रियदर्शनीचे डोळे भरले होते. राजवीर म्हणाला, "लय भारी. कोण हाय हे?"

"मे महिन्यात आजऱ्याला माझ्या मावसभावाचं लग्न हुतं. तिथला बँडवाला. सयाजी मास्तर म्हणत्यात. मी मोबाइलवर घेतलं." सोमशेखर विजयसिंहकडं वळला. "बोल की आता, उष्टेवाले."

गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण भ्यालेला माणूस जास्त बोलतो. विजयसिंह हसला. म्हणाला, "ह्यात काय हाय? वरातीचा भोंगा. चाल ऐकायची, पाठ करायची, नोटा गोळा करायच्या. आणि निम्मं तर दारूत वाजवतात ही माणसं."

मास्तरांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. ओठ बिघडतात म्हणून ते तंबाखूसुद्धा खात नसत. हे शब्द तोंडातून गेल्यावर विजयसिंहला स्वतःचाच आवाज परका वाटला. पण त्यानं ते मागं घेतले नाहीत.

सोमशेखर चिडला. "असं म्हणतोस? मग दुकानाला पंचवीस वर्षं होतायत पुढच्या महिन्यात. माणसाला इथंच बोलावतो. तू कव्हरच्या विरोधात बोल, मी बाजूनं बोलतो, आणि मास्तर वाजवतील."

आठ दिवसांनी मास्तरांचा फोन आला. आवाज खूश होता.

"अरं, मला कोल्हापुरात बोलावलंय. लक्ष्मीपुरीत, स्पीकरच्या दुकानात. वरात न्हाय, काय न्हाय, नुसतं ऐकायला माणसं येणार म्हणं."

"आबा, कशाला दगदग करता? तुमची छाती भरून येते हल्ली."

"कशाची दगदग? शब्द दिलाय. तू बी ये की. लय वर्सं झाली तू मला वाजवताना ऐकून."

"बघतो. ड्युटी असंल बहुतेक," विजयसिंह म्हणाला. ती आपल्याच मित्राची माडी आहे, आपणही तिथं असणार आहोत, हे त्याला सांगता आलं नाही. अड्ड्यावर आजारपणाचं निमित्त सांगावं असं त्यानं चारदा ठरवलं. पण आपण गेलो नाही आणि तिकडं आबांनी बोलता बोलता मुलाचं नाव, फाउंड्रीचं नाव घेतलं तर? ती भीती जास्त मोठी होती. म्हणून तो गेला.

माडीवर तीसएक माणसं होती. मास्तरांची एसटी उशिरा येणार म्हणून सोमशेखरनं विजयसिंहलाच आधी बोलायला उभं केलं. सुरुवातीला तो अडखळला. मग नेहमीची वाक्यं आपोआप येऊ लागली, माणसं हसू लागली, आणि त्याला जरा धीर आला. "दुसऱ्याचं गाणं वाजवून पोट भरणाऱ्याला आपण कारागीर म्हणू," तो म्हणाला, "कलाकार म्हणायचं काही कारण नाही."

टाळ्या पडल्या. त्याच वेळी जिन्याच्या तोंडाशी त्याला वडील दिसले. पांढरा शर्ट, पायजमा, काखेत कापडी पिशवीत ट्रंपेट. कधीपासून उभे होते कोण जाणे.

सोमशेखर धावला, त्यांचा हात धरून पुढं घेऊन आला. "मास्तर, हे आमचे मित्र. कव्हरचे एक नंबरचे दुश्मन. ह्यांचं काय मनावर घेऊ नका."

मास्तरांनी मुलाकडं पाहिलं. विजयसिंहचे ओठ हलले, पण 'आबा' हा शब्द काही बाहेर आला नाही. मग मास्तरांनी दोन्ही हात जोडले.

"नमस्कार, पावणं."

आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

त्यांनी तीन गाणी वाजवली. तिसरं तेच, पेनड्राइव्हवर ऐकलेलं होतं. बंद खोलीत ते वरातीतल्यापेक्षा कितीतरी हळू वाजवत होते. कुणी हललं नाही. संपल्यावर माणसं उभी राहिली. विजयसिंहही उभा राहिला, कारण बसून राहणं दिसलं असतं.

चहाबिस्किटं फिरली. प्रियदर्शनीनं विचारलं, "मास्तर, हे गाणं तुम्हाला कुठं मिळालं?"

"माझ्या पोराच्या खोलीतनं. सुट्टीला आला की दार लावून टेपवर लावायचा. मी सोप्यात बसून उचललं. बोल कळत न्हवतं, पर चाल गळ्यात बसली."

"मुलगा काय करतो आता?"

विजयसिंहनं बशीतलं बिस्किट उचलून तोंडात घातलं.

"हाय की चांगल्या नोकरीत," मास्तर म्हणाले. "लांब असतोय."

जाताना सोमशेखर म्हणाला, "विजय, तुझी गाडी हाय न्हवं? मास्तरांना रंकाळा स्टँडवर सोड की."

मास्तर मोटारसायकलवर मागं बसले. हात मुलाच्या खांद्यावर न ठेवता त्यांनी मागची कडी धरली. मटण मार्केट गेलं, महाद्वार गेलं. स्टँडवर उतरल्यावर विजयसिंह म्हणाला, "आबा, घरी चला. तेजस्वीनं..." पुढं काय म्हणायचं त्याला सुचेना, कारण बायकोला त्यानं काही सांगितलंच नव्हतं.

"राधानगरीची गाडी लागलीय," मास्तर म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून एसटीत चढले. ती एसटी विजयसिंहच्या घरावरूनच, साने गुरुजी वसाहतीसमोरूनच जायची.

घरी जाऊन त्यानं तेजस्वीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "दहा वर्षांत त्या तुमच्या मित्रांना एकदाही घरी बोलावलं नाही. मला वाटायचं, माझं इंग्रजी बरं नाही म्हणून." आणि उठून आत गेली.

पुढच्या रविवारी विजयसिंह माडीवर गेला. राजवीर कार्यक्रमात घेऊन इंटरनेटवर टाकलेला मास्तरांचा व्हिडिओ मोबाइलवर दाखवत होता, खाली शेकडो लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवत होता. विजयसिंह दाराशीच उभा राहून म्हणाला, "ते माझे वडील आहेत."

कुणाला वाटलं तो विनोद करतोय. मग त्याचा चेहरा बघून राजवीरनं मोबाइल खाली ठेवला. विजयसिंहनं धरणाचं खोटं सांगितलं, लग्नातला डीजे सांगितला, दारूचं बोललो तेही खोटं होतं हे सांगितलं.

सोमशेखर ओरडला, "अरे, मग मी तुझ्या बापाला तुझी वळख करून दिली व्हय? तुझ्या बापाला?" आणि तोंड फिरवून पडदा नीट करत राहिला.

प्रियदर्शनी शांतपणे म्हणाली, "मी त्यांना विचारलं, मुलगा काय करतो. तेव्हा तू बिस्किट खात होतास."

तो खरंच बिस्किट खात होता.

महिन्याभरानं, दसऱ्याच्या सुट्टीत, तो गावी गेला. आई धोंडुबाईनं भाकरी टाकायला घेतली. मास्तर गोठ्यात म्हशीला पेंड कालवत होते. विजयसिंह वाटेत शब्द जुळवत आला होता. आबांनी आपली अब्रू राखली, पोटच्या पोराला परका म्हणून वाचवलं, याचे उपकार कसे मानायचे, हेच तो दिवसरात्र घोकत होता.

"आबा, त्या दिवशी तुम्ही मला सांभाळून घेतलं. मी—"

"म्या?" मास्तरांनी हात पाटीतून बाहेर काढले. "म्या तुला सांभाळलं न्हाय. मला राग आलता."

मास्तर पाटी म्हशीपुढं सरकवून बोलत राहिले.

"जिन्यात हुतो मी. सगळं ऐकलं. तू बाप म्हणायला लाजतुयास हे मला लई वर्सं ठावं हाय. मांडवामागं लपलावतास, तवा वाजवता वाजवता बघितलं हुतं. पोरवय हाय म्हणून सोडलं. पर त्या दिवशी मला वाटलं, हा माझा पोरगा म्हणून मी कुणाला सांगू? मलाच लाज वाटली. म्हणून पावणं म्हणलो."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले. "चल, भाकरी झाली असंल," म्हणाले.

जेवताना विजयसिंहनं अर्धी भाकरी तशीच ठेवली. आईला वाटलं, तिखट झालं. तिनं ताक पुढं केलं.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. विजयसिंह दर महिन्याला गावी जातो, तेजस्वीलाही नेतो. मास्तर तिच्याशी मोकळेपणानं बोलतात. त्याच्याशीही बोलतात, पावसाचं, दुधाच्या फॅटचं, भाताच्या लावणीचं. वाजवण्याचा विषय मात्र त्याच्यापुढं काढत नाहीत, आणि 'वाजवा' म्हणायची त्याची अजून छाती झालेली नाही.

नवीन एखादी चाल बसली की मास्तर फोन करतात तो सोमशेखरला. फोनवरच वाजवून दाखवतात. रविवारी माडीवर सोमशेखर ते सगळ्यांना ऐकवतो, आणि मग मूळ चांगलं की मास्तरांचं, यावर राजवीर आणि प्रियदर्शनी भांडतात. विजयसिंह कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून ऐकतो. कुणी मत विचारलं तर म्हणतो, "पुन्हा एकदा लाव."