कुलपाला सुट्टी

कामगार खात्यातल्या त्या निरीक्षकांना शिलाई कारखान्यांतल्या बायका अवचितराव म्हणत. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. ते कधी कुठे उगवतील याचा नेम नसे. आले की मालकाच्या केबिनकडे ढुंकूनही न बघता तडक बायकांच्या संडासाकडे जायचे. मालक चहाचा कप घेऊन मागे धावायचे, ते ध्यान बघण्यासारखं असे. अवचितरावांचा ठोकताळा साधा होता. संडासाला कुलूप दिसलं, की इथे मजुरीवरही हात मारला जातो. चावी सुपरवायझरच्या खिशात असायची, आणि ती मागणाऱ्या बाईची अर्ध्या तासाची मजुरी कापली जायची. कैक मालकांना त्यांनी ती कापलेली मजुरी परत करायला लावली होती.

मग सरकारला मालकांचा पुळका आला. अचानक तपासणी बंद! आठ दिवस आधी नोटीस द्यायची, मगच जायचं.

"म्हणजे आता तुम्ही पाहुणेच झालात की," बायको म्हणाली. अवचितरावांना हसू आलं नाही.

पुढे एका कारखान्यातून मजुरी कापल्याची निनावी तक्रार आली. नोटीस देऊन ते गेले, तर मालक दारातच हात जोडून उभा. पंखे गरगरत होते. सवयीने पाय संडासाकडे वळले. दार सताड उघडं, आत फिनेलचा वास. कडीवर मात्र कुलूप घासून घासून ओरखडे पडले होते. अवचितराव मनात जळफळले. पण ओरखड्यांना पुरावा कोण म्हणणार?

काजं करणाऱ्या काकू त्यांच्या जुन्या ओळखीच्या. "काकू, मजुरी कापतात का हो?"

सुपरवायझर शेजारीच उभा होता. "छे हो साहेब, सगळं झकास आहे," काकू पाठ केल्यासारखं बोलल्या.

तक्रारीत तथ्य नाही, असं अवचितरावांनी लिहून टाकलं. लिहिताना त्यांना स्वतःचीच किळस आली.

जेवणाच्या सुट्टीत काकूंनी त्यांना फाटकाबाहेर गाठलं. "साहेब, परत कधी येणार?"

"कशाला येऊ? तुम्हीच तोंडावर खोटं बोललात."

"मग काय या वयात नोकरी घालवू?"

"तेच म्हणतो. माझ्या येण्याने होतं काय?"

"होतं की. आज कुणाला न विचारता जाऊन आले, दोनदा." काकूंनी मागे वळून पाहिलं. "तुम्ही नाही आलात तरी चालेल साहेब, नोटीस तेवढी रोज धाडत जा."