फुलावरचा घेवडा

मिरजगावच्या स्टँडवर नगरची एस.टी. लागली, तेव्हा अण्णांनी माझी बॅग टपावर चढवली, खाली उतरून हात धोतराला पुसले आणि म्हणाले, "जयभीम, पोरी. आता मागं बघू नको." मी बघितलंच. सुमे, तू धाकटी बहीण, रुसून घरी बसली होतीस, म्हणून तुला हे सांगते आहे.

नव्वदीची सुरुवात होती. दिल्लीच्या प्रयोगशाळेत माझं काम घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींचं. त्या गाठींत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. पूर्वी जिवाणू कुठल्या पिकावर सापडला, त्यावरून त्याची जात ठरवायचे. आता जनुकं बघून कूळ लावायचं होतं. कोण कुणाच्या दारात राहतो यावरून कूळ ठरवू नये, हे आपल्या घरातल्या पोरीला वेगळं शिकवावं लागत नाही. मला आपल्याच रानातले जिवाणू हवे होते. या हंगामात ते मिळाले नाहीत तर दुसऱ्याच्या नमुन्यांवर काम करावं लागेल, असं सरांनी बजावलं होतं.

मी अण्णांना पत्र टाकलं, सगळ्यात चांगल्या झाडांच्या मुळ्या पाठवा. पार्सल आलं, पण गाठी करड्या आणि पोकळ. जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशीत एकही वाढला नाही. चांगलं झाड बियाण्याला राखायचं हा आपला शिरस्ता, म्हणून अण्णांनी ती झाडं शेंगा वाळेपर्यंत जपली आणि मग उपटली. शेंगा भरल्या की गाठी मरतात, हे लिहायचं मीच विसरले होते. एवढी शिकलेली मी! दोन दिवस स्वतःवरच धुमसले, मग रजा टाकून गाडी पकडली.

विहिरीजवळच्या वाफ्यात उशिरा लावलेला घेवडा नुकता फुलावर आला होता. हाच उपटायचा, मी म्हटलं. फुलावरचं झाड उपटायला माणसाचा हात धजत नाही, असं म्हणून आई घरात निघून गेली. अण्णा बांधावर बसून राहिले. मी हट्ट सोडला नाही. शेवटी तेच उठले, खुरप्यानं माती सैल केली आणि मुळांसकट झाड माझ्या हातात दिलं.

"तुला बी फुलावरच धाडलं हुतं," ते म्हणाले. "वाळल्यावर धाडून काय उपेग?"

मी नखानं गाठ फोडली. आत गुलाबी होती, म्हणजे जिवंत. मला रडू आलं.

त्या गाठींतून वेगळा केलेला चौथा जिवाणू कुठल्याच ओळखीच्या कुळात बसेना. त्याला वंशवृक्षावर वेगळी फांदी द्यावी लागली. माझ्या वहीत त्याचं नाव 'अण्णा-४'.

आता इथं दिल्लीतच घर झालंय. घेवड्याच्या दाण्यांना मीही राजमा म्हणते, भांडते तीही हिंदीत. गाव सुटलं का, असं कुणी विचारलं की मला प्रयोगशाळेच्या फ्रीजरमधली 'अण्णा-४'ची नळी आठवते. दर वर्षी तिच्यातून थोडं काढून ताज्या बशीवर वाढवते. अण्णा गेल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही.

सुमे, औंदा त्याच वाफ्यात घेवडा लाव. फुलावर आला की कळव. उपटायला मी येते.