कोयता न लावता

माणसाचं तोंड पाहण्याआधी त्याचा दंड पाहणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबांनी सारी नोकरी कल्याणच्या आसपास खेडोपाडी देवीची लस टोचण्यात घालवली होती. नावं विसरत, गावं विसरत, पण दंडावरचा व्रण पाहिला की ‘हा माझा’ किंवा ‘हा माझा नव्हे’ हे बिनचूक सांगत. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या घरी माझं लग्न लागत होतं, तर मांडवात त्यांनी नवऱ्यामुलाला कोट काढून बाही वर करायला लावली आणि खूण सापडल्यावरच “हं, चालेल,” म्हणून अक्षता घेतल्या. माझे सासरे पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. आतोबांच्या ते लक्षातही आलं नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते पेन्शनीत निघाले आणि डोंबिवलीला माझ्या सासरच्या घराशेजारी राहायला आले. टोचायला माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी झाडांकडे मोर्चा वळवला. त्यांचं वैर बांडगुळाशी. हे आंब्याच्या फांदीवर उगवतं, फांदीतच मुळं घुसवतं आणि आंब्याचा रस पिऊन आंब्यालाच वाळवतं. त्याची फळं एक एवढासा पक्षी खातो आणि चिकट बी पुढच्या फांदीला पुसतो, की तिथे दुसरं बांडगूळ तयार. “साथ आहे ही, साथ!” आतोबा म्हणत. पोस्टात म्हणून निघत आणि वाटेतल्या आंब्याखाली मान वर करून तासभर उभे राहत. कळव्याला एका वकिलांच्या बागेत ते न विचारता शिरले. वकील ओरडत धावून आले, तर त्यांनाच म्हणाले, “ओरडता काय? शिडी धरा.” वकिलांनी धरली, हे विशेष.

पण हा माणूस केवढा आहे ते मला कळलं ठाकुर्लीपलीकडच्या खाडीकाठच्या एका गावात. मिठागरातल्या मजुरीखेरीज त्या गावाला आधार होता तो आंब्यांचा, आणि निम्मे आंबे बांडगुळांनी खाल्ले होते. आतोबा मला बरोबर घेऊन गेले, दंड तपासले, सगळे ‘त्यांचे’ निघाले. मग काय, अख्खं गाव कोयते घेऊन झाडांवर चढलं. आठ दिवसांत शिवार साफ झालं. राहिलं फक्त गावदेवीचं रान. तिथले जुने, आभाळाएवढे आंबे बांडगुळांनी लगडलेले होते. ते तसेच राहिले तर साथ पुन्हा सगळीकडे पसरणार हे सर्वांना दिसत होतं.

“दाक्तर, देवीचे रानान कोयता नाय लागाचा,” भगत म्हणाला. फार तर देवीचा कौल घेऊ. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

आतोबा देव मानत नसत. तरी सगळ्यांसमक्ष म्हणाले, “काय येईल तो कौल मला कबूल.” मग भगतानं त्यांना बाजूला घेतलं. मी जवळच होते. “डावी पाकली जरा वली करून लावतू,” तो कुजबुजला, “उजवीच परंल.” आतोबा लाल झाले. “पस्तीस वर्षांत मी लसीच्या जागी पाणी टोचलं नाही. ह्या लोकांनी पोरांचे हात डोळे मिटून माझ्या हातात दिले. नीट लाव!”

भगतानं नीट लावली. डावी पडली.

आतोबा एका आंब्याला टेकून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. मग ते उठले आणि भगताला म्हणाले, “कोयत्याला नाही म्हणाली. हातांचं विचार.” पुन्हा पाकळ्या लावल्या. उजवी पडली.

मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हातारे, बाया, तरणे सगळे त्या उंच फांद्यांवर, आणि कुणाच्या हातात साधा विळाही नाही. बांडगुळं हातांनी पिळून, मोडून, ओढून काढत होते. तळहात सोलले तरी कुणी उतरेना. खाली आम्ही पाट्या भरून शेळ्यांना घालत होतो. “हातानं मोडलेलं पुन्हा फुटतंच,” आतोबांनी मला हळूच सांगितलं, “दरसाल यावं लागेल. लस तरी एकदा टोचून जन्मभर कुठे पुरते?” आणि दरसाल माघात ते गेले.

पाचव्या वर्षी आतोबा वारले. माघ आला तशी आत्या म्हणाली, “तू जाऊन ये गं. रान कसं आहे ते सांग मला.” बांडगुळांनी पुन्हा माजलेलं रान बघायला लागणार, ह्या धास्तीनं मी गेले. बघते तर सगळं गाव झाडांवर! पाटी उचलणाऱ्या म्हातारीला मी विचारलं, “बोलावलं कुणी तुम्हाला?”

“बोलवाला कशाला पायजे?” ती म्हणाली. “दाक्तर नाय आले, पन बांडगूल तर आलाच ना.”

मी वर पाहिलं. फांद्यांकडे हात उंचावलेले, बाह्या खाली घसरलेल्या, आणि दंडादंडावर त्यांची खूण. घरी आल्यावर आत्यानं विचारलं, “कोण कोण होतं?” मला एकही नाव सांगता येईना. तोंडं बघायची राहूनच गेली होती.