वर उपटलेली घाणेरी

"साहेब, आमी वर उपटतो न् ते खाली लावतान!"

हिराबाई टेकडीखालच्या गावची, माझ्या मजूर बायकांची मुकादम. कुदळ खांद्यावर टाकून ती समोर उभी राहिली तेव्हा मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी वन खात्यात रेंजर होतो. महापे गावामागच्या टेकडीवर घाणेरी माजली होती. रंगीत फुलांचं हे झुडूप कुणा गोऱ्या साहेबानं बागेच्या शोभेसाठी बाहेरून आणलं. शोभा राहिली बाजूला, त्यानं आमचं जंगल गिळलं. घाणेरीखाली गवत येत नाही. गवत नाही म्हणून ससे नाहीत, भेकरं नाहीत. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरीण. गावातले म्हातारे त्याच्या गोष्टी सांगायचे. मी तिथं आल्यापासून एकदाही ते ऐकलं नव्हतं.

आमच्या डीएफओ साहेबांना, म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्यांना, त्या उतारावर सुबाभूळ लावायची होती. तीही परदेशीच, पण झटपट वाढते आणि फोटोत हिरवीगार दिसते.

"सर, घाणेरी काढली की गवत आपोआप येईल," मी म्हणालो.

"गवत? गवताचं कसलं उद्घाटन करायचं हो?"

मी पिच्छा सोडला नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "करा तुमचा प्रयोग. पुढच्या पावसाळ्यात तिथं पुन्हा घाणेरी दिसली, तर सुबाभूळ लागेल. मग रडत यायचं नाही."

घाणेरी नुसती कापून भागत नाही. कापली की चौपट फुटते. पावसानं माती मऊ झाली की बुंध्याखाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं वर. म्हणजे ती वाळून मरतात. हिराबाईच्या बायकांनी हात ओरबाडून घेत उतार साफ केला आणि उलट्या झुडपांचे ढीग लावले. आता तेच ढीग ट्रकमध्ये भरून चालले होते.

मी तडक खाली गेलो. टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा सरकारी वसाहत उभी राहत होती; त्या नव्या वसाहतीचे उद्यान अधिकारी छत्री धरून उभे होते. रस्त्याकडेला आमची घाणेरी ओळीनं लागत होती.

"अहो, हे काय चालवलंय?"

"लाइव्ह हेज! जिवंत कुंपण!" त्यांची छाती फुगली. "गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालायला नको. तुम्ही टाकूनच दिली होती ना?"

"मारायला काढली होती, साहेब!"

"बघा, आम्ही जगवली."

या शहाण्यापुढे डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. डीएफओंकडे धावलो, तर ते म्हणाले, "त्यांचं खातं वेगळं. आपण नाक खुपसणं बरं दिसत नाही."

पाऊस सरताना उतारावर गवत आलं. एका सकाळी झाडीतून भुंकण्याचा आवाज आला. हिराबाई ओरडली, "साहेब, भेकर हाय!" मला इतका आनंद झाला की मी तिथंच डायरीत तारीख टिपून ठेवली.

पण खाली कुंपणालाही बहर आला. काळी फळं धरली. बुलबुल ती खायचे आणि वर येऊन बी टाकायचे. पुढच्या पावसात गवतातून घाणेरीची रोपं वर आली. अजून हातानं उपटता आली असती. मी मजूर मागितले. डीएफओ साहेब पाहणीला आले, जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत.

"तुमची पद्धत फेल गेली, मिस्टर."

"सर, बी खालच्या कुंपणातून येतंय."

"कारणं नकोत."

गवत खणून सुबाभूळ लागली. मंडप, हार, फोटो, सगळं यथासांग. मग गुरांपासून रोपं वाचवायला कुंपण हवं झालं. साहेबांनी वसाहतीच्या उद्यान अधिकाऱ्यांना फोन केला आणि त्यांनी ट्रक भरून घाणेरी वर पाठवली.

भेकर पुन्हा ऐकू आलं नाही. परदेशी झुडूप मुळासकट निघतं, हे मी स्वतः करून पाहिलंय. खुर्चीतला शहाणा निघत नाही. फार तर त्याची बदली होते.