झोपलेल्या जुळ्याची नाडी

आमच्या सासूबाई जानेवारीत पुण्याहून गुरुग्रामला आल्या, तेव्हा त्यांच्या सामानात लाडवांचे डबे, दोनच साड्या आणि एक डफ होता. साड्या दोनच, कारण डफाला जागा लागते. विमानतळावर तपासणीवाल्याने डफ उलटासुलटा करून पाहिला, म्हणून आईंनी तो तिथेच वाजवून दाखवला. मग म्हणे अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या आणि वैमानिकसुद्धा बाहेर येऊन उभा राहिला. या गोष्टीतला वैमानिक मी घातलाय की त्यांनी, हे आता आम्हा दोघींनाही आठवत नाही. आमच्या घरात अतिशयोक्ती सासूकडून सुनेकडे आली की सुनेकडून सासूकडे, यावर नवऱ्याचं ठाम मत आहे, पण त्याला बोलायला मिळत नाही.

आई आल्या होत्या त्या पानिपतसाठी. संक्रांतीच्या दिवशी काला अंबला, म्हणजे त्या युद्धाच्या स्मारकापाशी, दिल्लीच्या आसपासची आणि थेट महाराष्ट्रातूनही आलेली माणसं जमतात. आईंनी स्वतः एक पोवाडा रचला होता आणि तो त्यांना तिथे, त्या मातीवर उभं राहून म्हणायचा होता. भिशीत, भजनी मंडळात, दातांच्या डॉक्टरकडे तोंडात यंत्र असताना, सगळीकडे त्या हे सांगून आल्या होत्या. आता न म्हणता परत जायची सोयच उरली नव्हती.

रियाज आमच्या चौदाव्या मजल्यावर चाले. बाल्कनीतली कबुतरं जाळीला बधली नव्हती, प्लास्टिकच्या घुबडाला बधली नव्हती, सोसायटीच्या ठरावालाही बधली नव्हती. ती तिसऱ्या कडव्याला समोरच्या टॉवरमध्ये राहायला गेली. नवऱ्याकडे "जी जी रं जी" म्हणायचं काम होतं. तो बँकेत आहे, कर्ज नाकारताना वापरतात त्या आवाजात तो "जी जी" म्हणायचा.

"अरे, झील धरतोयस की माफी मागतोयस?" आई विचारायच्या.

सगळं ठरलं होतं. अडचण एकच होती आणि ती फरीदाबादला होती.

मी ज्या कंपनीत काम करते, तिचा एक ग्राहक फरीदाबादला ट्रॅक्टरच्या सीटा बनवतो. त्यांचा सगळा हिशेब कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर, आणि बाकीचा कारभार दूर कुठेतरी क्लाउडवर. या दोघांच्या मध्ये जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेलं एक जोडणीचं सॉफ्टवेअर बसवलेलं आहे. ते म्हणजे वाड्याच्या दिंडीवरचा द्वारपाल समजा. आतला निरोप बाहेर, बाहेरचा आत. तो द्वारपाल रोज दुपारी, बरोबर जेवणाच्या वेळेला, डोळे पांढरे करायचा. ऑर्डरी अडकायच्या, ट्रक फाटकाशी उभे राहायचे, आणि मी गुरुग्राममधून त्याला उठवून बसवायचे. कुणीतरी रोज उठवायला हवंच, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. संक्रांतीलासुद्धा मीच.

तिथल्या आयटी विभागाचे प्रमुख, ज्यांना आपण साहेब म्हणू, भला माणूस. मी रजेचं काढलं तर म्हणाले, "मॅडम, मेरी तरफ़ से छुट्टी है. बस एक बार मशीन से भी पूछ लो."

म्हणजे ते दुखणं शोधल्याशिवाय पानिपत नाही. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी डफ भिंतीला टेकवला आणि चष्मा लावला. "मग शोध की. मी बसते इथे."

दुखणं शोधायचं तर नाडीवर बोट ठेवणारा कुणीतरी आत हवा. त्याला आमच्या भाषेत मॉनिटरिंग एजंट म्हणतात. तो द्वारपालाच्या अंगातच राहतो. मेमरी किती भरली, कोण काय मागतंय, कुठे दम लागतोय, सगळं मोजून बाहेर कळवतो. त्याला आत बसवायला, सॉफ्टवेअर सुरू होताना जी ओळ वाचतं, त्यात त्याचा पत्ता लिहायचा. जावाबाई उठल्या की त्याला कडेवर घेऊनच उठतात. ऐकायला सोपं आहे. मी डायनिंग टेबलावर बसून ओळ लिहिली, आईंनी शेजारी बसून तीळ निवडले.

"एका ओळीला एवढा वेळ? तेवढ्यात माझी दोन कडवी होतात."

"आई, तुमच्या कडव्यात एक काना चुकला तर ट्रक थांबत नाहीत."

"थांबतील, ऐकायला!"

ओळ जमली तर एजंट मुका. मोजत होता, पण बाहेर सांगत नव्हता. कारखान्यातून इंटरनेटवर जायला एकच फाटक आहे आणि बिचाऱ्याला ते कुणी दाखवलंच नव्हतं. फाटकाचा पत्ता दिला, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं, आणि माझ्या स्क्रीनवर एक हिरवी रेष उमटली. काय सांगू तिची शांती! हरियाणाच्या जमिनीसारखी सपाट. ना चढ, ना उतार. तब्येत असावी तर अशी.

आता इकडची रीत अशी की आधी मिठाई, मग तपास. साहेबांनी तासाभरात लाडू वाटले. ती रेष त्यांनी रिसेप्शनमधल्या मोठ्या टीव्हीवर लावली, मुख्य कचेरीला तिचा फोटो पाठवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्यासमोर उभं करून म्हणू लागले, "इसको बोलते हैं सेहत!" माझं कौतुक असं झालं की मला वाटलं आता ट्रॅक्टरच्या सीटवर माझं चित्र छापतात.

दुपारी फोन वाजला.

"मॅडम, मशीन बंद हो गई."

मी स्क्रीन पाहिली. "पण सर, लाइन तो हरी है."

"लाइन एकदम फ़िट है, मॅडम. मशीन बंद है."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फरीदाबादला निघाले. आई डफ घेऊन आधीच कॅबमध्ये बसल्या होत्या. "घरी बसून काय करू? कबुतरंसुद्धा नाहीत." बाहेर धुकं एवढं की ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून रस्ता चाचपत होता. निदान मला तरी तसंच दिसलं. आईंना रिसेप्शनमध्ये टीव्हीसमोर बसवलं, हिरव्या रेषेच्या देखरेखीवर, आणि मी साहेबांबरोबर सर्व्हर रूममध्ये गेले.

तिथे दोन मशीन होत्या. जुळ्याच. अशा ठिकाणी नेहमी जोडी ठेवतात. एक काम करते, दुसरी जागच्या जागी निजून असते, पहिली गेली तर उठायला. त्यातल्या वरच्या मशीनला कुंकवाचा टिळा होता, लाल धागा बांधला होता आणि एक वाळलेलं झेंडूचं फूल चिकटवलं होतं. विश्वकर्मा पूजेला कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राला टिळा लागतो, आणि इथे तो मुख्य मशीनला लागला होता.

"ये बड़े भैया हैं," साहेबांनी ओळख करून दिली. "आपने इन्हीं में एजंट डाला है. मैंने टीका देखकर ही पता दिया था."

मी पडद्यावर बड़े भैयांची अवस्था उघडली. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की हे स्टँडबाय आहेत, म्हणजे निजलेले. काम करत होता खालचा, बिनटिळ्याचा धाकटा. दिवाळीच्या आसपास कधीतरी वीज गेली, थोरला पडला, धाकट्याने कामाला खांदा दिला आणि तेव्हापासून तोच राबतोय. कुणी पाहिलंच नाही, कारण टिळा तर वरच होता! आणि आम्ही घोरणाऱ्या माणसाची नाडी टीव्हीवर लावून लाडू खात होतो. नाडी छान नसेल तर काय! धाकटा रोज दुपारी गळपटायचा, पण पुरता मरायचा नाही. दारात उभा राहून नुसता धापा टाकायचा. थोरल्याला वाटे, श्वास चालू आहे, आपण कशाला उठा?

साहेबांचा चेहरा पाहवेना. लाडू, टीव्ही, मुख्य कचेरी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. "मॅडम, अब?"

सरळ रस्ता असा की धाकट्यातही एजंट बसवायचा. पण त्यासाठी त्याला थांबवायला हवं, थांबवायला कारखान्याच्या समितीची नवी परवानगी हवी (पहिली थोरल्याच्या नावावर निघाली होती), आणि समिती बसणार होती संक्रांतीनंतर. दुसरा रस्ता थोडा वाकडा होता, म्हणून मला लगेच सुचला. भावांची अदलाबदल करायला एक बटण असतं. त्याला परवानगी लागत नाही, तो नेहमीचा सराव मानतात.

मी गंभीर चेहरा केला. "सर, टीका जिसको लगा है, काम भी वही करेगा ना? नहीं तो अपमान होता है."

"बिल्कुल!" साहेब एकदम ताठ झाले. "मैं भी यही सोच रहा था."

बटण दाबलं. बड़े भैया उठले, धाकटा निजला. आणि बाहेरून आईंची हाक अशी आली की छताचा पत्रा वाजला: "अगं ए, रेष नाचायला लागली!"

आम्ही धावत बाहेर गेलो. टीव्हीवर रेष खरंच जिवंत झाली होती. वर जायची, खाली यायची, ऑर्डर आली की उडी मारायची. जेवणाची वेळ जवळ आली तशी ती चढू लागली. चढली, चढली, आणि कुतुबमिनारावर जाऊन उभी राहिली. पण या वेळी आत आमचा माणूस होता. त्याने चोराचा पत्ताच दिला. एकच मागणी सगळी मेमरी गिळत होती, आणि ती येत होती वरच्या मजल्यावरून, अकाउंट्स विभागातून.

वर गेलो तर अकाउंट्सचे बाबूजी डबा हातात घेऊन खुर्चीवरून उठत होते. स्क्रीनवर रिपोर्ट चालू. मागवला होता कंपनी जन्मल्यापासूनचा सगळा हिशेब.

"बाबूजी, रोज़ यही निकालते हो?"

"रोज़. खाना खाने जाता हूँ तो लगाकर जाता हूँ." त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जणू मीच कामचुकार आहे. "मैं रोटी खाऊँ और मशीन ख़ाली बैठे? ये कोई बात हुई?"

"पण बाबूजी, सब सालों का क्यों?"

"एक साल का निकालूँ तो लगता है कुछ छूट गया."

साहेब चिडणार होते. पण आई मागोमाग जिना चढून आल्या होत्या, आणि त्यांनी आधी डबा उघडला. बाबूजींच्या हातावर तिळाचा लाडू ठेवून त्या आपल्या खास हिंदीत म्हणाल्या, "भैया, पंगत में बैठते हैं तो सब एकदम वाढते हैं क्या? एक भाजी, फिर एक पोळी. एक साल वाढो, वो खाने दो, फिर दूसरा वाढो."

बाबूजींना "वाढो" किती कळलं माहीत नाही, पण लाडू पुरता कळला. "माताजी, आप कह रही हैं तो एक-एक करके. पर दुनिया से भरोसा उठ गया तो आप जानो."

त्यांनी रिपोर्ट थांबवला, एकाच वर्षाचा लावला. टीव्हीवरची रेष मिनारावरून उतरून जमिनीवर आली. साहेबांनी पुन्हा लाडू मागवले. या वेळी तपासानंतर, हे मी नोंदवून ठेवते.

प्रश्न एवढाच उरला की बाबूजी शब्द पाळतात का. संक्रांतीला त्यांचा हात सवयीने जुन्या बटणावर गेला की संपलं. मी पानिपतला आणि ट्रक फाटकाशी. साहेबांना मात्र शंका नव्हती. "जाओ मॅडम, पानीपत जीतकर आओ!"

आई कॅबमध्ये बसताना हळूच म्हणाल्या, "यांना निकाल कुणी कळवला नाही वाटतं."

संक्रांतीला पहाटे निघालो. धुक्यात माणसं जमली होती, फुलं होती, भाषणं होती, घोषणा होत्या. आईंचं नाव कार्यक्रमात कुठेच नव्हतं, पण त्यांना त्याची गरजही नव्हती. फक्त डफ दमला होता. ओलीने कातडं सैल पडून तो पापडासारखा वाजत होता. एका चहावाल्याच्या शेगडीवर नवऱ्याने तो शेकला. थाप मारली, आणि आवाज खणखणीत आला. भाषणं संपली तशा आई एका कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी उचललं:

"पोटात नाही अन्नाचा कण, अंगात भरलं वारं,
यमुनेकाठी उभं ठाकलं गाव आमुचं सारं..."

माणसं वळली. नागपूरची, साताऱ्याची, आपल्या फरीदाबादची, सगळी येऊन भोवती उभी राहिली. आणि माझ्या नवऱ्याने झील धरली! कुठे दडवला होता हा आवाज, कोण जाणे. "जी जी रं जी" असं काही निघालं की त्या बँकेतल्या सगळ्या नाकारलेल्या कर्जदारांना त्याच क्षणी कर्जं मंजूर झाली असतील. तेवढ्यात धुकं फाटलं आणि ऊन पडलं. नवरा म्हणतो, दुपार झाली होती, पडणारच. आपण कशाला वाद घाला?

दुपार झाली होती, आणि माझा फोन वाजला. फरीदाबाद. मी गर्दीतून बाजूला झाले. अकाउंट्सचे बाबूजी होते.

"मॅडम, खाना खाकर आ गया. मशीन चल रही है. एक-एक साल निकाला, कुछ नहीं छूटा." मी श्वास सोडला. तेवढ्यात तेच म्हणाले, "ये पीछे कौन गा रहा है?"

"मेरी सास."

"माताजी? फ़ोन उधर करो! रुको, मैं स्पीकर पर डालता हूँ, सबको सुनाता हूँ."

मी फोन आईंसमोर धरला. शेवटचं कडवं संपलं, काला अंबला टाळ्या झाल्या, आणि फोनमधून, ट्रॅक्टरच्या सीटांमधून, अख्ख्या अकाउंट्स विभागाच्या टाळ्या आल्या. आईंनी फोनकडे पाहिलं.

"फरीदाबादचे का? कुठून ऐकलं त्यांनी?"

"शेवटचंच कडवं ऐकलं, आई."

"म्हणजे सुरुवात राहिली त्यांची!" आईंनी घसा खाकरला, डफ पुन्हा शेगडीकडे पाठवला आणि जमलेल्या मंडळींना हाताने खाली बसायची खूण केली. "बसा हो सगळे. पहिल्यापासून घेऊ."