हरळी लावली ते साल

दर शनिवारी दुपारी एक वाजता कॉलेजचं ग्रंथालय बंद करायचं, डबा तिथंच खायचा आणि सांगलीच्या स्टँडवरून साताऱ्याची गाडी धरायची, असा काही वर्षं माझा नेम होता. साताऱ्यात माझा थोरला भाऊ राहायचा. मी लग्न केलं नव्हतं, वहिनी लवकर गेल्या होत्या आणि त्यांचा एकुलता मुलगा सैन्यात होता. त्यामुळे रविवारी आम्ही दोघंच. आमच्यात बोलणं फार नव्हतं, पण काम भरपूर असायचं. कधी कौलं परतायची, कधी न्हाणीचा पाइप, कधी फाटकाची बिजागरी. दादा करायचा आणि मी धरून उभा राहायचो.

दादाही सैन्यातूनच हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. शेवटची कित्येक वर्षं त्यानं निरनिराळ्या छावण्यांत यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली. अधिकाऱ्यांच्या मेसपुढची हिरवळ कापायचं यंत्रही त्याच्याकडेच असे. ती हिरवळ त्यानं किती वेळा कापली असेल, पण तिच्यावर तो कधी बसला नव्हता. हे त्यानं तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. "तितं आपलं काम बसायचं न्हवतं," एवढंच म्हणाला होता. निवृत्तीच्या सुमारास तसलंच एक जुनं यंत्र लिलावात निघालं. ते त्यानं घेतलं, रेल्वेनं लोणंदपर्यंत आणलं आणि तिथून ओळखीच्या ट्रकमधून घरी. घर किल्ल्याच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं. पुढं अंगण दहा पावलं लांब आणि आठ पावलं रुंद. तिथं त्यानं हिरवळ केली. दुष्काळात ती जळून गेली. शेजारीपाजारी हंडे घेऊन फिरत असताना गवताला पाणी घालणं त्याला शोभेना.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाल्यावर त्यानं पुन्हा मनावर घेतलं, कारण त्या वर्षी मुलगा अधिकारी झाला. गणपतीला तो लांब रजेवर यायचा होता. वर्षाची एकच लांब रजा. तोवर हिरवळ उगवून, कापून तयार हवी, असं दादानं ठरवलं. हिरवळीवर दोन वेताच्या खुर्च्या, एकीवर मुलगा, एकीवर आपण, मध्ये चहा. हे त्यानं मला दोन-तीनदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी खुर्च्या कुठं ठेवायच्या तेही हातानं दाखवलं.

"मेसच्या हिरवळीवर तर तो आता बसतोच," तो म्हणाला. "पर बापाच्या दारात बी असावी."

आमच्याकडे हिरवळीसाठी बी पेरत नाहीत. हरळीच्या मुळ्या आणून, त्यांचे पेरापेरानं तुकडे करून वीत-वीत अंतरावर दाबतात. हरळी म्हणजे शेतकऱ्याची जन्माची वैरीण. उसात एकदा शिरली की निघत नाही. दादा ती मागायला ओढ्यापलीकडच्या एका शेतकऱ्याकडे गेला तेव्हा मी बरोबर होतो. शेतकऱ्याला आधी वाटलं चेष्टाच चालली आहे.

"आवं हवालदार, आमच्या बापाची हयात गेली हरळी उपटन्यात, माजी बी चालली. आन तुमी ती लावताय?"

"तुला नको हाय ती मला दे. भांडण मिटलं."

"न्या की. पोतं भरून न्या, दोन न्या. पर मागारी आणून द्याल तर याद राखा!"

मग तोच बिचारा कुदळ घेऊन आमच्याबरोबर खणायला लागला. खणताना मध्येच थांबून हसायचा. "घरी सांगितलं तर म्हातारी म्हनंल, तुला ऊन लागलं."

ज्येष्ठ लागता लागता दोन रविवारांत आम्ही सगळी हरळी लावली. दुसऱ्या रविवारी दादा मधूनच उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पोटात दुखत होतं, आणि ते बरेच दिवस दुखत होतं असं त्या दिवशी कळलं. मी त्याला बरोबर घेऊनच सांगलीला आलो आणि तिथून मिरजेच्या एका दवाखान्यात नेलं. हरळीला पाणी घालायचं काम त्या शेतकऱ्यानं अंगावर घेतलं. "वैरिणीला पानी पाजायची पाळी आली," म्हणाला, पण एक दिवस चुकला नाही.

मिरजेला त्याचं पोट उघडलं. ऑपरेशन खूप वेळ चालेल असं सांगितलं होतं, पण डॉक्टर लवकर बाहेर आले आणि त्यांनी घरचं कोण आहे विचारलं. मी पुढं झालो. यकृतात गाठी होत्या, सगळीकडे. काही न काढता तसंच शिवलं होतं. सहा महिने, ते म्हणाले, फार तर. मग म्हणाले, "पेशंटला सांगू नका. खचेल माणूस. अल्सर होता, काढला, असं सांगा." त्या काळी असंच करत. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. उलट, काय सांगायचं ते कुणी तरी ठरवून दिलं म्हणून बरंच वाटलं.

दादा तीन आठवडे तिथं होता. मी रोज संध्याकाळी सांगलीहून जायचो. तो टाके दाखवायचा आणि म्हणायचा, "लय मोठं काम केलं गड्या डॉक्टरनं. आता दुखतंय ते फक्त वरनं दुखतंय." मी मान हलवायचो.

त्याच दिवसांत मी एक चूक केली. त्या यंत्राला एक पिंजऱ्यासारखा लोखंडी दंडगोल असतो, पाच पिळदार पात्यांचा. यंत्र ढकललं की तो फिरतो आणि खालच्या सपाट पात्याला घासत जातो. कात्रीसारखं गवत त्या दोघांत सापडून तुटतं. दुष्काळापासून पडून पात्यांना गंज चढला होता. दादाचं काम थोडं हलकं करावं म्हणून एका रविवारी साताऱ्याला जाऊन मी तो दंडगोल सोडवला, पोत्यात घातला आणि सांगलीत एका लोहाराकडे नेला. ऊसतोडीचे कोयते पाजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"मास्तर, हे काय हाय? ऊस तोडायचं का?"

"गवत कापायचं यंत्र आहे."

"गवताला एवढं लोखंड? इळा न्हाई व्हय तुमच्यात?"

"धार लागेल ना?"

"लागंल? अशी लावतो, बोट तुटलं तर तिसऱ्या दिवशी कळंल तुमाला."

दादा घरी आल्यावरच्या पहिल्या शनिवारी मी ते पोतं त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं दंडगोल मांडीवर घेतला, हळूहळू फिरवला आणि अंगठा एका पात्यावरून नेला. लोहारानं प्रत्येक पातं दोन्ही बाजूंनी घासून कोयत्यासारखं बारीक केलं होतं. या यंत्राला तशी धार चालत नाही. पात्याची कड सपाट असावी लागते आणि पाचही पाती खालच्या पात्याला सारखी टेकावी लागतात. आता यंत्रात बसवून बघितलं, तर एक टेकलं की दुसरं टेकत नव्हतं. वर्तमानपत्राचा कपटा मध्ये धरून त्यानं दंडगोल फिरवला, तर कपटा नुसता दुमडला.

"कुनी केलं हे?"

मी सांगितलं.

तो हसला. टाक्यांवर हात धरून हसला. "एवढी बुकं वाचली मास्तर तू, आन मशिनीला कोयता करून आणलास व्हय रं!"

ग्रंथालयात असलो तरी त्याच्या लेखी मी मास्तरच होतो. मीही हसलो. पण माझ्या लक्षात आलं होतं की हे नीट करायला त्याचे पुढचे सगळे रविवार जाणार. इलाज एकच होता. मोटारीचे व्हॉल्व्ह घासायची ती खरखरीत पेस्ट पात्यांना लावायची, दंडगोलाला हँडल जोडून तो उलटा फिरवायचा आणि पाचही पाती झिजून एका मापात येईपर्यंत फिरवत राहायचं. दोन महिन्यांचं काम, दादानं हिशेब केला. म्हणजे गणपतीला काही मशीन चालणार नाही.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "पोराला पत्र लिही. म्हनावं, रजा दिवाळीला घे."

त्याची पत्रं मीच लिहायचो. तो सांगायचा आणि मी वाक्यं सरळ करायचो. आषाढातली दुपार होती. बाहेर हरळी धरली होती, पेरापेराला हिरवे कोंब आले होते. मी अंतर्देशीय पत्र घेऊन बसलो, मायना लिहिला, आणि थांबलो.

"लिही की. गणपतीत पावसानं चिखलच असतोय. दिवाळीत हिरवळ बी दाट हुईल, मशीन बी हुईल. चार दिस निवांत बसता येईल."

मी म्हणालो, "गणपतीलाच येऊ दे ना. हिरवळ काय, नंतरही बघेल."

"अर्धवट दाखवायची? त्यापरीस न दाखवलेली बरी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "का रं? गणपतीलाच का?"

त्याला उत्तर एकच होतं. ते सोडून मी म्हणालो, "काही नाही. सहज." आणि लिहिलं. रजा दिवाळीला घ्यावी. माझी तब्येत आता उत्तम आहे, काळजी नसावी. खाली त्यानं सही केली.

त्या वेळी मी मनात महिने मोजले होते. सहा महिन्यांत दिवाळी बसत होती. डॉक्टरांचं 'फार तर' मी मोजलं नव्हतं. सांगलीला परतल्यावर मुलाला स्वतंत्र एक कार्ड टाकावं असं रोज वाटायचं. पण तो अचानक दारात उभा राहिला तर दादाला सगळं समजेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर ते शब्द हातानं लिहायची माझ्यात ताकद नव्हती. आणि रजा ज्या कारणानं पुढं गेली ते कारण मीच पोत्यातून आणलं होतं, हेही त्यात होतंच.

श्रावण-भाद्रपदातले रविवार आम्ही पाती घासण्यात काढले. आधी तो हँडल फिरवायचा आणि मी पेस्ट लावायचो. पुढं मी फिरवू लागलो आणि तो स्टुलावर बसून आवाज ऐकायचा. "तिसरं पातं वरडतंय," म्हणायचा. मला पाचही सारखीच ऐकू यायची. हरळीत लव्हाळा उगवला होता. तो उपटायला शेतकरी यायचा, आणि जाताना दर वेळी विचारायचा, "हवालदार, हरळी उपटायची न्हाई न्हवं? चुकून हात जातोय माजा." दादाचे डोळे पिवळे पडत चालले होते. शेतकऱ्यानं एकदा माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

विसर्जनानंतरच्या रविवारी कपटा कापला गेला, पाचही पात्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दादानं दाराच्या चौकटीला धरून मला यंत्र ढकलायला सांगितलं. मी एक पट्टा कापला. मागं फिरून बघतो तर इतकं सरळ आणि इतकं हिरवं, की मलाच खरं वाटेना. दुसरा पट्टा धरणार तोच तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बाकीचं तो आल्यावर. त्याच्यासमोर कापू."

घट बसले त्याच्या तिसऱ्या दिवशी दादा गेला. शेतकऱ्यानं ग्रंथालयात फोन करवला होता म्हणून मी आदल्या रात्री पोचलो होतो. शेवटच्या शुद्धीत त्यानं विचारलं, "दिवाळीला किती दिस?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हाय की मग टेम."

तार केली. मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. देह थांबवणं शक्य नव्हतं. अंगणात तिरडी बांधली, माणसं उभी राहिली, आणि ती सगळी हरळी चिखलात तुडवली गेली. अग्नी मी दिला. मुलाचा हक्क होता तो. राख सावडायलाही तो पोचला नाही. माहुलीच्या संगमावर अस्थी सोडल्या तेव्हा मी आणि शेतकरी, दोघंच होतो. मुलगा सहाव्या दिवशी आला, तीन गाड्या बदलून, गणवेशातच.

उरलेले विधी त्यानं केले. तेराव्याची माणसं पांगल्यावर तो मिरजेच्या दवाखान्याचे कागद घेऊन माझ्याजवळ येऊन बसला.

"काका, डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितलं?"

"ज्येष्ठात. ऑपरेशनच्या दिवशीच."

"आणि रजा पुढं ढकलायचं पत्र आषाढातलं."

"हो."

"ते तुम्ही लिहिलंत."

"हो."

त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "मला नसतं कळवलं तरी चाललं असतं," तो म्हणाला. "आबांना स्वतःला तरी सांगायचं होतं. काय पाहिजे ते त्यांनी ठरवलं असतं."

"डॉक्टर म्हणाले, सांगू नका."

"डॉक्टर परका माणूस, काका."

दुसऱ्या दिवशी तो निघाला. मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी लागली होती. त्यानं ट्रंक वर चढवली, खाली उतरला आणि रीतीप्रमाणे माझ्या पाया पडायला वाकला. आमच्या घरात अशा वेळी थोरल्यानं डोक्यावर हात ठेवून 'औक्षवंत हो' म्हणायचं असतं. मी हात ठेवला. शब्द फुटेना. तो वाकलेलाच राहिला, रिवाजापेक्षा जरा जास्त वेळ. मग कंडक्टरनं घंटी दिली.